जुनेरापासून सुरुवात

जुन्या कपड्यांना मराठी घरात दोन वाटा असायच्या. एक बोहारणीच्या गाठोड्यात जायची, दुसरी गोधडीत. जरीची, रेशमाची, टेरिलिनची, दिसायला अजून बरी असलेली साडी बोहारणीकडे जायची आणि तिच्या बदल्यात स्टीलचं पातेलं नाहीतर डबा यायचा. पातेलं केवढं द्यायचं यावरून दारात चांगली घासाघीस चालायची. सुती लुगड्याला मात्र बोहारीण हात लावायची नाही. विरलेलं, रंग उडालेलं, बसून बसून मागे फाटलेलं कापड तिच्या काय कामाचं? हे जुनेर घरातच राहायचं. अंगावर घ्यायला सगळ्यात मऊ कापड नेमकं तेच असायचं. बाजाराने नाकारलेल्या या मालावर आपल्याकडच्या बायकांनी एक अख्खं शास्त्र उभं केलं. त्या शास्त्राची आणि त्याच्या आजूबाजूच्या घरगुती शिवणकामाची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक आहे.

ज्या घरात सुईदोऱ्याचा डबा आहे, पण बटण तुटल्याशिवाय तो उघडला जात नाही, अशा घरासाठी ते लिहिलं आहे. कपाटात आईच्या, आजीच्या साड्या घडी करून ठेवलेल्या आहेत, टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत, अशीही घरं पुष्कळ. शिवणकाम कधीच न केलेल्या माणसाला यातली पहिली चार कामं हाताने करता येतील आणि घरात मशीन असेल तर पुढची जमतील, असा या पुस्तकाचा बेत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढची सगळी प्रकरणं तिच्यावर उभी आहेत. गोधडीसाठी नवं कापड विकत आणायचं नाही. हल्ली दुकानात जुळत्या रंगांचे, छापील नक्षीचे चौकोन कापून मिळतात आणि ते जोडून केलेलं पांघरूण देखणंही दिसतं. पण नवं सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं, त्यात खळ असते, त्याचा रंग सुटू शकतो. निरनिराळ्या ताग्यांतलं कापड निरनिराळ्या प्रमाणात आटलं की धावदोऱ्याच्या रेषा ओढल्या जातात आणि पांघरुणाला चुण्या पडतात. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यात आटायचं काही उरलेलं नसतं, सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो आणि खळ केव्हाच निघालेली असते. जुनं कापड वापरण्यामागे काटकसर होतीच, पण गोधडी टिकते ती या कारणाने.

गोधडीची रचना सांगायला सोपी आहे. खाली एक कापड, वर एक कापड, मध्ये मिळतील तितके थर, आणि सगळ्यांना एकत्र धरणारा धावदोरा. गादीत किंवा रजईत भरतात तसा पिंजलेला कापूस यात नसतो, त्यामुळे पिंजाऱ्याची गरज पडत नाही आणि धुतल्यावर आतला माल एका कोपऱ्यात गोळा होण्याची भीती नसते. पुणे, नाशिक, नगरकडे गोधडी म्हणतात, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. लहान मुलांसाठी तीच गोष्ट छोटी केली की दुपटं. मापं गावोगाव वेगळी असली तरी हिशेब एकच, आणि तो लुगड्याच्या लांबीवर ठरतो.

हा हिशेब समजून घेतला की निम्मं काम झालं. सहावारी साडी सुमारे 18 फूट लांब आणि तिचा पन्हा साधारण 45 इंच. तिची तिहेरी घडी घातली की 6 फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि तीन थरांचं पांघरूण तयार. एका माणसाला पुरतं. नऊवारी 27 फुटांची. तिच्या चार घड्या घातल्या तर पावणेसात फूट लांबीची चार थरांची गोधडी होते आणि उंच माणसाचे पाय उघडे पडत नाहीत. दोन सहावारी साड्या पन्ह्याला पन्हा जोडून घेतल्या की साडेसात फूट रुंद आणि 6 फूट लांब, तीन थरांचं, दोघांचं पांघरूण मिळतं. कुठेही कात्री लावावी लागत नाही. पुस्तकातल्या मोठ्या गोधड्यांची सगळी मापं याच हिशेबाने काढली आहेत. तुमची साडी कमी पन्ह्याची असेल तर काय करायचं हे त्यावरून तुमचं तुम्हालाच काढता येईल.

दुसरा हिशेब टाक्यांचा. पावणेचार फूट रुंदीत एकेक इंचावर उभ्या रेषा घातल्या तर 44 रेषा होतात. प्रत्येक रेष 6 फुटांची, म्हणजे एकूण 264 फूट, सुमारे 80 मीटर धावदोरा. इंचाला तीन टाके धरले तर एका रेषेत 216 आणि सगळ्या गोधडीत साडेनऊ हजार टाके. रेषांमधलं अंतर अर्ध्या इंचावर आणलं की आकडा 19 हजारांवर जातो. काही ठिकाणी रेषा उभ्या न घालता कडेपासून आत, चौकटीत चौकट अशा घालत जातात, तरी दोऱ्याची लांबी जवळपास तेवढीच येते. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. रोज दोन रेषा घातल्या तर एकेरी गोधडी तीन आठवड्यांत हातावेगळी होते, हेही त्याच हिशेबातून निघतं. बाजारातल्या गोधडीची किंमत ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी मात्र हे टाके एकदा मनाशी मोजावेत.

एवढे टाके कशाला, असं नवख्याला वाटतं. चार कडा शिवून टाकल्या तर चालणार नाही का? चालणार नाही. जुन्या कापडाचे धागे झिजलेले असतात, त्यांना स्वतःचा ताण पेलवत नाही. जवळजवळ घातलेल्या धावदोऱ्यामुळे तो ताण सगळ्या थरांत वाटला जातो. एका जागी कापड फाटलं तरी फाट पुढच्या रेषेशी अडते. थरांच्या मध्ये आणि टाक्यांच्या मधल्या फुगीर जागेत हवा अडकून राहते, आणि थंडीत ऊब देते ती ही अडकलेली हवा. सुती कापड घाम शोषून घेतं, म्हणून उन्हाळ्यात तीच गोधडी अंथरायला चालते. थर वाढवले की ऊब वाढते हे खरं, पण पाच-सहा थरांच्या पुढे सुई आरपार जाताना अंगुस्तान घातलेलं बोटही दुखतं, आणि धुतलेली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात. तीन ते पाच थर हे शहाणपणाचं माप.

हे लिहिताना समोर फलटणकडची एक वापरातली वाकळ पसरून ठेवली आहे. वरचं कापड जांभळं इरकली लुगडं. पदराचा भाग डोक्याच्या बाजूला घेतला आहे, कारण तो कमी झिजलेला असतो आणि तोंडाशी चांगलं कापड यावं अशी शिवणारीची इच्छा असते. लुगड्याचे काठ वेगळे काढून चारी कडांना गोट म्हणून लावले आहेत. काठाची वीण घट्ट, त्यामुळे वाकळ ओढताना जिथे हात बसतो तिथे तो कापड वाचवतो. पायाकडच्या बाजूला खणाच्या चोळीच्या कापडाचे तीन चौकोन ठिगळासारखे बसवले आहेत. तिथे वाकळ आधी फाटलेली असणार. एका कोपऱ्यात वरचा थर विरून आतलं दिसतं. आधी पांढरं धोतर आणि त्याच्या खाली शाळेच्या गणवेशाची खाकी. दोरा पांढरा, दुहेरी. डावीकडून निम्म्यापर्यंत टाके बारीक आणि सारखे आहेत, तिथून पुढे लांब आणि थोडे तिरके. दोघींनी दोन बाजूंनी बसून शिवलेली वाकळ अशीच दिसते. ओळी मध्यावर भेटतात तिथे अर्ध्या इंचाचा फरक पडला होता, तो एक जादा ओळ घालून भरून काढला आहे. या एका वाकळीत मांडणी, मजबुती, दुरुस्ती आणि कामाची वाटणी या चारही गोष्टींचे धडे आहेत.

गोधडी शिवण्याचा काळ म्हणजे उन्हाळा. सुगी संपलेली, पेरणीला अवकाश, ऊन कडक आणि दुपार मोठी. गावात ज्यांना स्वतः शिवायला सवड नसते त्यांच्यासाठी भटक्या जमातींतल्या काही बायका गावोगाव फिरून वाकळा शिवून देत, अजूनही देतात. कापड घरचं, दोरा आणि हात त्यांचा, मोबदला पैशांत किंवा धान्यात. धुण्याचा काळ दसऱ्याच्या आधीचा. पश्चिम महाराष्ट्रात त्याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर किंवा विहिरीवर न्यायची, धुवायची, खडकांवर वाळत घालायची. पावसाळाभर दमट हवेत राहिलेल्या गोधड्या त्या उन्हात कडकडीत वाळतात आणि थंडी सुरू होण्याआधी तयार होतात. धुताना कुठे उसवलं, कुठे विरलं हे आपोआप पाहिलं जातं. दुरुस्तीची यादी त्यातूनच निघते.

गोधडीबद्दल लिहिताना मायेची ऊब हे शब्द फार लवकर येतात. त्यांना मी या पुस्तकात शक्य तितकं लांब ठेवलं आहे. पुष्कळ घरांत गोधडी होती ती ब्लँकेट घेण्याची ऐपत नव्हती म्हणून. ती शिवणाऱ्या बाईच्या दुपारीला कुणी काम म्हटलं नाही, तिचे डोळे आणि कंबर यांचा हिशेब कुणी ठेवला नाही आणि तिच्या गोधडीवर तिचं नाव नव्हतं. शहरातल्या दिवाणखान्यात आज गोधडी भिंतीवर लावली जाते तेव्हा हे विसरायला होतं. म्हणून शिवणकाम हा घरातल्या बाईचा प्रांत समजून हे पुस्तक कुणी वाचू नये. यातल्या प्रत्येक कामाच्या सुरुवातीला चार-पाच छोटी कामं वेगळी काढून दिली आहेत: उसवणं, इस्त्री करणं, खडूने रेषा आखणं, कच्चा दोरा घालणं, सुया ओवून ठेवणं. घरातला पुरुष, शाळकरी मुलगा, निवृत्त आजोबा, ज्याला जे जमेल ते त्याने उचलावं. मोठ्या गोधडीला समोरासमोर चार माणसं आरामात बसू शकतात. एकाच माणसावर ती पडली तर अनेकदा पुरी होत नाही.

ठिगळ लावलेलं वस्त्र हे नेहमीच हलाखीचं लक्षण मानलं गेलं असंही नाही. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. मगध देशातली बांधांनी आखलेली शेतं पाहून तशा आकृतीचं वस्त्र करता येईल का, असं बुद्धाने आनंदाला विचारलं आणि आनंदाने ते करून दाखवलं, अशी नोंद विनयपिटकात आहे. तुकडे केलेल्या कापडाला विकून किंमत येत नाही, त्यामुळे चोरी होत नाही, हा त्यातला व्यवहार. आपल्या शेजारी पाहिलं तर बंगालमध्ये कांथा आहे, बिहारमध्ये मुजफ्फरपूरकडे सुजनी आहे, सिंध, कच्छ आणि राजस्थानात रल्ली आहे. जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि धावदोरा ही रीत सगळीकडे एकच. फरक पडतो तो टाक्याने काय काढायचं यात. कांथाच्या दोऱ्यातून फुलं, हत्ती आणि माणसं उमटतात. आपल्या गोधडीतला दोरा बहुधा सरळ चालतो, आणि रंगाची मौज कापडाच्या तुकड्यांकडे असते.

सगळ्यात जवळचं नातं मात्र कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीशी आहे. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यातल्या अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलांत, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला वसले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात ती एका कोपऱ्यापासून सुरू करून. तुकडे आधी जोडून घेत नाहीत. कडेने एकेक तुकडा दुमडून लावत, टाके घालत, गोल फिरत मध्यापर्यंत येतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी कापडाची फुलं बसवतात. ही रीत नवख्याला फार सोयीची आहे. आधी सगळे चौकोन मापात कापून जुळवायची कटकट नाही, वेड्यावाकड्या चिंध्याही खपतात आणि मध्ये काय रंग येणार हे आधी ठरवावं लागत नाही. पुस्तकाच्या तिसऱ्या भागात एक अख्खं काम या पद्धतीने दिलं आहे.

घरगुती शिवणकामाची दुसरी शाखा मशीनची. आयझॅक सिंगर यांनी 1851 साली अमेरिकेत आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याच शतकात ती यंत्रं हिंदुस्थानात विकायला आली. यंत्रांच्या हव्यासाला गांधीजींचा विरोध होता, हे सर्वांना ठाऊक आहे. पण 1924 साली झालेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा खास अपवाद केला होता. बायकोला हाताने शिवताना पाहून तिचे कष्ट वाचावेत म्हणून ते यंत्र निघालं, हे त्यांनी दिलेलं कारण. आपल्याकडे 1909 साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनाने आणि त्याआधी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाने शिवणकाम शिकवलं ते एकट्या पडलेल्या बाईला पोटापुरतं मिळवता यावं म्हणून. पुढे गल्लोगल्ली शिवणक्लास निघाले, आणि लग्नात मुलीला मशीन देणं ही अनेक घरांत तिच्या पायावर उभं राहण्याची तजवीज होती. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको यांवर कितीतरी मुलांची शिक्षणं झाली.

मग मधल्या काळात हे सगळं मागे का पडलं? एक कारण कापड. 1960 नंतर नायलॉन, टेरिलिन आणि पुढे पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त झाल्या. त्या धुवायला सोप्या, इस्त्री लागत नाही, वर्षानुवर्षं फाटत नाहीत. पण गोधडीला त्या बऱ्या नाहीत. घाम शोषत नाहीत, एकमेकींवरून सरकतात, आणि त्यांत घातलेला टाका सैल पडतो. घरात जुनेर जमेनासं झालं तिथे गोधडीचा कच्चा माल संपला. दुसरं कारण सोलापुरी चादर आणि पाठोपाठ आलेली मऊ ब्लँकेटं. तिसरं तयार कपडे. तीनशे रुपयांत मुलाचा शर्ट मिळत असेल तर शिवायचा कशाला, हा प्रश्न अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणूनच शर्ट-पँट शिवायला या पुस्तकात शिकवलेलं नाही. बाजारात जे चांगलं आणि स्वस्त मिळतं ते घ्यावं. घरी शिवावं ते जे बाजारात नीट मिळत नाही: आपल्या मापाचं पांघरूण, आपल्या पलंगाचा अभ्रा, बाळाच्या अंगाला न टोचणारं झबलं, आणि ज्याचं फारसं काही बिघडलेलं नाही अशा कपड्याची दुरुस्ती.

बाळाच्या कपड्यांना पुस्तकात खास जागा दिली आहे, कारण शिवणकामाची आठवण घराला बाळाच्या निमित्ताने हमखास होते. बाळंतविड्यातलं दुपटं, झबलं, टोपडं, कुंची, लंगोट हे सगळं जुन्या मऊ सुती कापडाचं असावं यामागे सोयच आहे. झबल्याला बटणाऐवजी बंद असतात, शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे नाजूक कातडीला काही घासत नाही. परदेशात नातवंडं असलेल्या आज्या आजही आपल्या साडीचं दुपटं शिवून सामानात घालून नेतात. त्यांच्यासाठी एक सूचना पुस्तकात ठळक छापली आहे आणि इथेही सांगतो. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण घालू नये, अंथरुणात मऊ गोधड्यांचा ढीग ठेवू नये, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. श्वास कोंडण्याचा धोका असतो. दुपटं बाळाला मांडीवर घेताना, डोळ्यांसमोर खेळवताना आणि पुढे मोठं झाल्यावर पांघरायला वापरावं.

आता कामाच्या क्रमाबद्दल. पहिल्या भागात फक्त हातशिलाई आहे: धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काज आणि बटण. या पाच गोष्टी एका जुन्या उशीच्या अभ्र्यावर शिकता येतात. दुसऱ्या भागात चौकोनी कामं: पिशवी, अभ्रा, बसायचं आसन, पायपुसणं. चौकोनी वस्तूला माप चुकायची भीती कमी. तिसऱ्या भागात दुपटं आणि गोधडी. चौथा भाग दुरुस्तीचा: ठिगळ, रफू, नेफ्यातली नाडी, चेन बदलणं, उरेब पट्टी लावून झिजलेली कड वाचवणं. मशीन असलेल्यांसाठी प्रत्येक भागाच्या शेवटी वेगळ्या सूचना आहेत. गोधडीची बाहेरची कड मशीनवर मारायला हरकत नाही, आतल्या रेषा मात्र हातानेच घालाव्यात असं माझं मत आहे. मशीनचा टाका दोन्हीकडून घट्ट आवळतो, थर दाबले जातात, गोधडी कडक होते आणि एका जागी दोरा तुटला की विरलेलं कापडही त्याच ओळीत फाटत जातं.

काम सुरू करण्यापूर्वी तीन परीक्षा कराव्यात. पहिली, कापड कशाचं आहे याची. कडेचे एक-दोन धागे ओढून चिमट्यात धरून, मोरीत किंवा बेसिनवर, जवळ पाणी ठेवून पेटवावेत. सूत कागदासारखं जळतं आणि हलकी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हे काम मोठ्यांनीच करायचं. दुसरी परीक्षा ताकदीची. कापड दोन्ही हातांत धरून आडवं आणि उभं ताणावं. चर्रकन फाटलं तर ते वरच्या थराला नको, आत घालावं. तिसरी रंगाची. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावं. रंग लागला तर ते कापड आधी दोन-तीन वेळा वेगळं धुऊन घ्यावं. साडीचा फॉल आधी उसवायचा, नाहीतर तो आटून काठ ओढतो. या तीन गोष्टींत एक संध्याकाळ जाते. ती वाचवू नये.

थर पसरताना जागा मोठी लागते. सतरंजी काढून स्वच्छ फरशीवर खालचं कापड ताणून चिकटपट्टीने किंवा कोपऱ्यांवर वजन ठेवून बसवावं. मग एकेक थर मध्यापासून कडेकडे हाताने सारखा करत घालावा. सगळे थर झाले की मध्यापासून बाहेर, वीतभर अंतरावर कच्चा दोरा घालावा. हा दोरा पुढे काढूनच टाकायचा असतो, म्हणून पुष्कळ जण तो टाळतात आणि शेवटी एका बाजूला चार बोटं कापड जास्त उरतं. पक्का दोरा घालताना गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी, वर ठेवू नये. एका वेळी हातभरच दोरा ओवावा. लांब दोरा गुंततो, झिजतो आणि वेळ वाचत नाही.

ज्यांना एवढं सगळं करायला वेळ नाही, त्यांच्यासाठीही शेवटच्या प्रकरणात काही लिहिलं आहे. साड्या तुमच्या आणि शिलाई दुसऱ्याची, ही व्यवस्था गावात पूर्वीपासून आहे आणि आता शहरांतही गोधड्या शिवून देणारे बचत गट आणि कारागीर मिळतात. त्यांच्याकडे जाताना तिसऱ्या भागातली मापं आणि टाक्यांचा हिशेब सोबत न्या. रेषांमधलं अंतर किती, दोरा दुहेरी की एकेरी, कड हाताची की मशीनची, हे विचारा. आणि भाव करताना साडेनऊ हजार टाके डोळ्यांसमोर ठेवा. ज्या कामाला आपल्याच घरात कधी मोल दिलं गेलं नाही, त्याला निदान परक्या बाईच्या हातून करून घेताना तरी पुरतं मोल द्यावं, एवढी माझी विनंती आहे.

बाकी पुस्तक वाचून शिवणकाम येत नाही, सुई हातात घेऊन येतं. आज कपाटातली एक सुती साडी काढा, तिचा फॉल उसवा आणि धुऊन ठेवा. रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून घडी घाला. पहिली रेष वाकडी जाईल. ती उसवत बसू नका, दुसरी तिच्या शेजारून घाला. आणि गोधडी पुरी झाली की शोभेसाठी घडी करून ठेवू नका. रोज वापरा, दसऱ्याला धुवा, उसवेल तिथे पुन्हा टाके घाला.